सहा इंच तरी हवा

बाळांनो, गाडीला जुन्या स्प्रिंगा परत का बसवल्या, असं तुम्ही दोघांनी विचारलंत तेव्हा मी म्हणाले, "इथले रस्ते फार वाईट आहेत." त्या वेळी मागे आजोबा खाकरलेले तुम्हाला ऐकू आले असतील. तो खोकला नव्हता. रस्ता चांगला आहे. श्रीरामपूरहून नेवाशाकडे जाणारा रस्ता अलीकडेच नवा झाला आहे, त्यावर मधोमध पांढरे पट्टेसुद्धा आहेत. खरं कारण फोनवर, तुमचे चेहरे समोर असताना, सांगवेना. म्हणून लिहिते आहे.

सुरुवात तुमच्या एका वाक्यापासून झाली, पण दोष तुमचा नाही. मी गाडी धुऊन तुम्हाला फोनमधून चारही बाजूंनी दाखवत होते. धाकटीला गाडीपेक्षा बोनेटवर बसलेलं मांजर आवडलं. थोरल्या, तू मात्र नीट बघितलंस आणि म्हणालास, "आजी, गाडी भारी आहे, पण चवड्यांवर उभी असल्यासारखी दिसते." मग तू मला समजावलंस, की चाक आणि वरची कमान यांच्यामध्ये जी पोकळी दिसते ती इतकी मोठी असायला नको. आणि तुझ्या मित्राच्या गाडीचा फोटो पाठवलास. तीच गाडी, पण जमिनीलगत, दबा धरून बसलेल्या बोक्यासारखी.

त्यानंतर मला ती पोकळी दिसायचं थांबेना. मिशनच्या शाळेत होस्टेलला असताना रविवारी चर्चला निघण्यापूर्वी बाई दारात उभ्या राहायच्या आणि प्रत्येक मोठ्या मुलीच्या साडीचा काठ बघायच्या. साडी घोट्याच्या वर गेलेली असली की ती मुलगी परत आत. ती शिस्त माझ्या हाडात मुरली आहे. पडदे, टेबलक्लॉथ, विद्यार्थिनींचे गणवेश, सगळ्यांचे काठ मी अजून बघते. आणि आता रोज सकाळी फाटक उघडलं की समोर आमची निळी गाडी, आखूड साडी नेसून उभी.

गाडी तुमच्या बाबांनी तिकडे जाण्याआधी हौसेनं घेतलेली. लहानशी, पण टर्बो इंजिनाची, मागे दोन नळ्यांची. जाताना म्हणाला, "आई, ही विकून टाक. तुला काय उपयोग?" मी विकली नाही. नेवाशाच्या नर्सिंग कॉलेजच्या मुलींना इंग्रजी शिकवायला मी रोज तीच घेऊन जाते. लोक विचारतात तेव्हा मी सांगते, "मुलाची आठवण आहे, विकवत नाही." हेही पुरतं खरं नाही. मला ती आवडते. तिसऱ्या गिअरमध्ये पाय जरा दाबला की ती जी पाठीत हात घालून पुढे नेते, ते मला आवडतं. पण सत्तरीला आलेल्या बाईनं असं म्हणणं म्हणजे सगळ्यांसमोर लाडू मागण्यासारखं वाटतं. आमच्या वयाला चष्मा आवडावा, गुडघ्याचा पट्टा आवडावा.

तर मी कुणाला न सांगता वाचायला बसले. गाड्यांच्या हौशी लोकांचे गट असतात, तिथे सगळं इंग्रजीतून चालतं. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलेलं असल्यामुळे त्यांची स्पेलिंगं बघून अंगावर काटा यायचा, पण माहिती चांगली होती. गाडी खाली बसवायची म्हणजे मूळ स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घालायच्या. त्यात एक प्रकार पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच कडक. दुसरा आधी मऊ आणि दाब वाढेल तसा कडक होत जाणारा. रोजच्या वापराच्या गाडीला दुसरा बरा. शिवाय फार खाली गेलं की धक्के झेलणारे मूळचे शॉकअप लवकर निकामी होतात. मी तिथे एक प्रश्न लिहिला, व्यवस्थित, विरामचिन्हांसकट. उत्तरं आली. सगळे मला "ब्रो" म्हणत होते. एकानं लिहिलं, "ब्रो, आधी तुझ्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट स्पीडब्रेकर शोध, आणि मग ठरव." मला तो सल्ला फार पटला. मोजण्याचं काम मला कुणी सांगितलं की बरं वाटतं.

आजोबांना सांगावंच लागलं, कारण एकटीला मोजता येईना. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "किती खाली?" आणि आपणहून हॉलच्या पडद्याचा दांडा काढून आणला, ब्रेकरवर आडवा धरायला.

नाताळच्या आधीच्या रविवारी, उपासना झाल्यावर, आम्ही तसेच परस्पर निघालो. हे "तसेच" फार महत्त्वाचं. आजोबांच्या अंगावर कोट, डोक्यावर हॅट. मी स्टार्च केलेल्या पांढऱ्या साडीत, गळ्यात चष्म्याची साखळी, हातात शिवणकामाची टेप. आजोबा ब्रेकरच्या माथ्यावर दांडा आडवा धरायचे, मी वाकून दांड्यापासून रस्त्यापर्यंत मोजायचे आणि आकडा सांगायचे. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून खात्रीसाठी ते प्रत्येक आकडा मोठ्यानं परत म्हणायचे. गाड्या थांबून वाट द्यायच्या. एका एसटीच्या ड्रायव्हरनं तर आम्हाला नमस्कार केला. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

अर्ध्या वाटेवर एक गाव लागतं. रस्त्याच्या एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला जिल्हा परिषदेची शाळा, आणि तिथेच रस्ता वळतो. शाळेसमोरचा ब्रेकर आमच्या वाटेवरचा सगळ्यात उंच असणार असा माझा अंदाज होता. मी मोजलं. "चार."

"चार!" आजोबा म्हणाले.

"लई कमी हाय ना?" मागून आवाज आला.

माझ्याच वयाची एक बाई डोक्यावर घासाचा भारा घेऊन उभी होती. तिनं भारा खाली टाकला, पदरानं तोंड पुसलं आणि आमच्याकडे अशी बघायला लागली, जशी स्टेशनवर गाडी आल्यावर माणसं बघतात. "कवाची वाट बघतोय बाई आमी. आज आयतवार असून आलात!"

"आम्ही फक्त बघतोय," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. पण ज्या सुरात मी ते म्हणाले तो सूर सरकारी माणसांचा असतो, हे मला बोलता बोलताच जाणवलं. दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. मात्र ते वाक्य काय होतं ते बघा. "मी सरकारी नाही, मला माझी गाडी देखणी करायची आहे." समोर घासाचा भारा. माझी जीभ उचलली नाही.

तेवढ्यात चहाच्या टपरीवरची माणसं येऊन पोचली. एकानं आजोबांना विचारलं, "सायेब, रस्ता रुंद व्हनार का?"

आजोबांना काही ऐकू आलं नव्हतं. ते हसून म्हणाले, "हो हो, फार छान आहे."

लगेच आमच्या हातात चहा आला.

ती बाई माझ्याजवळ सरकली. तिची नात समोरच्या शाळेत दुसरीला होती. मुलीची आई पहाटेच कामाला जायची, म्हणून रस्ता ओलांडून द्यायचं काम आजीकडे. "मागल्या म्हैन्यात ह्या हाताला धरलं हुतं पोरीला," ती उजवा हात पुढे करून म्हणाली. "टेम्पो आला तो थांबलाच न्हाई. पाठीवरचं दप्तर उडवून न्हेलं. दप्तरच, बरं का. पोरगी हातात ऱ्हायली." तिनं मूठ घट्ट मिटून दाखवली. "ह्या चार इंचाला कोन भीत न्हाई. मी पंचायतीत वरडून आले, कोन ऐकत न्हाई. तुमी सांगा मॅडम, किती पायजे?"

बाळांनो, मी शिक्षिका. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, हे चाळीसएक वर्षांचं वळण. आणि ती मूठ बघून मला खरोखर वाईट वाटलं होतं. मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "निदान सहा इंच तरी हवा."

"सहा!" आजोबा मोठ्यानं म्हणाले.

तिनं एका हाताची चार बोटं जुळवली, त्यांच्यावर दुसऱ्या हाताची दोन आडवी ठेवली आणि ती उंची सगळ्यांना फिरवून दाखवली. टपरीवरचा एक पांढरी टोपीवाला, ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला, हसला. "सहा केला तर माझी ट्रॉली काय इमानानं न्हिऊ का आत्ये?"

"हळू न्हे की मुडद्या. कारखाना काय पळून चाललाय?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. चहाबद्दल आभार मानले आणि निघालो. दोघंजण आमची गाडी मागे घ्यायला हात दाखवत उभे होते.

त्या बाईची मूठ मला घरापर्यंत आठवत होती. घरी मात्र मी चष्मा लावून गणित मांडलं. गाडीचं पोट जमिनीपासून साडेसहा इंच. वाटेवरचा सगळ्यात उंच ब्रेकर चार. मधे भरपूर जागा. सहा इंच हा आकडा मी स्वतः, भर रस्त्यात, दहा माणसांसमोर उच्चारला होता, आणि तो माझ्या गणितात कुठेच नव्हता. मी तो खोटा म्हणून सांगितलेला नव्हता. फक्त त्याचं पुढे काही होईल असं मला वाटलं नव्हतं. गरिबाला दिलेला सल्ला आपण दारात बूट काढावेत तसा तिथेच काढून ठेवतो आणि आत येतो.

नाताळच्या सुट्टीत आम्ही नगरला गेलो. आता अहिल्यानगर म्हणायला हवं, पण माझी जीभ अजून वळत नाही. तिथला गॅरेजवाला तरुण, उत्साही, कानात बाळी घातलेला. आजोबांकडे बघून म्हणाला, "बोला काका, मुलाची गाडी का?"

"हिची," आजोबा म्हणाले.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग परत माझ्याकडे. "भारीच की, काकू!" त्याच्याकडे तीन पर्याय होते. आहेत त्याच स्प्रिंगा मशीननं कापून द्यायच्या; हा मी लगेच नाकारला, कापलेल्या स्प्रिंगा म्हणजे दातानं तोडलेला दोरा. दुसऱ्या पंचवीस मिलीमीटरनं खाली नेणाऱ्या. तिसऱ्या चाळीसनं. मी घरून पंचवीस ठरवून गेले होते. पंचवीस म्हणजे एक इंच, सभ्य, जपून.

"पंचवीस घेऊ नका काकू," तो म्हणाला. "पंचवीसमध्ये काही दिसतच नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर कळत पण नाही गाडी खाली केलीय ते." बोलून झाल्यावर त्यानं जीभ चावली. मग मला बाहेर नेऊन शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्या दाखवल्या. एक पंचवीसवाली, एक चाळीसवाली. चाळीसवालीचं चाक कमानीत असं बसलं होतं, जसं माप घेऊन शिवलेलं पोलकं दंडाला बसतं.

"मागे कुणी बसलं तर अजून खाली जाणार ना?" मी विचारलं.

"जाते थोडी. पण मागे कोण बसतं आपल्या?"

मी आजोबांकडे बघितलं. आजोबा चाळीसवालीकडे बघत होते.

"चाळीस," मी म्हणाले.

संध्याकाळी गाडी तयार झाली तेव्हा मी गॅरेजच्या फाटकापर्यंत मागे जाऊन ती लांबून बघितली. बाळांनो, ती इतकी सुरेख दिसत होती. काठ घोट्याला टेकलेला, ना वर, ना खाली. येताना वळणांवर ती रस्त्याला धरून होती. आजोबा म्हणाले, "जरा आदळते." मी म्हणाले, "तुम्ही नीट बसा." तुम्हाला फोटो पाठवले ते दुसऱ्या दिवशीचे. थोरल्या, तू अंगठा आणि आगीचं चिन्ह पाठवलं होतंस, ते मी चर्चमध्ये दोघींना दाखवलं. त्यांना कळलं नाही.

सुट्टी संपल्यावर कॉलेजचा पहिला दिवस. आजोबांना नेवाशाला काम होतं, म्हणून तेही बरोबर. ते पुढच्या सीटवर नीट मावत नाहीत, मागे आडवे पाय लांब करून बसतात; आणि वजनानं ते काही कमी नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. आम्ही गप्पा मारत त्या गावाच्या वळणावर आलो. शाळेसमोर रस्त्यावर काहीतरी पांढरं चमकलं. नवे, चुन्यानं ओढलेले पट्टे. गाडी हळूच होती, पण पुढची चाकं चढून उतरली आणि पोटाखाली असा लांबलचक खरवडल्याचा आवाज आला, की मला माझ्याच दातांत कळ आल्यासारखं झालं. मग गाडी थांबली. पाय दाबला तर चाक जागच्या जागी फिरायला लागलं आणि जळक्या रबराचा वास आला. गाडी ब्रेकरवर बसली होती. अंड्यावर कोंबडी बसते तशी.

मागे हॉर्न वाजला. आरशात बघितलं तर उसाची ट्रॉली, आणि तिच्यापुढे ट्रॅक्टरवर तोच पांढरी टोपीवाला.

मी दार उघडलं. खाली बसलेल्या गाडीतून, साडीत, सगळ्या गावादेखत उठून उभं राहणं किती कठीण असतं, ते तुम्हाला सांगत नाही. उभी राहते तोच ती बाई शाळेच्या बाजूनं जवळजवळ पळतच आली. चेहरा सगळा उजळलेला.

"मॅडम! बघाया आलात व्हय? बरुबर सहाच केलाय. मोजा तुमी, मोजा!" तिनं परत ती बोटं जुळवली, चार आणि वर दोन. "पाटलाच्या स्लॅबचा माल उरला हुता. मी म्हनले, मॅडम मोजून गेल्यात, सहा सांगितलाय, आता कुनी नाय म्हनायचं न्हाई. सगळ्यांनी मिळून केला. टेम्पोवाले बी थांबत्यात आता."

मग तिचं लक्ष गाडीच्या पोटाकडे गेलं. ती वाकली. परत उभी राहिली तेव्हा चेहऱ्यावरचा उजेड गेला होता.

"चुकलं का आमचं?" ती म्हणाली.

पुढे बरंच काही झालं, पण मी आजही अडकले आहे ती या तीन शब्दांवर. गाडी माझी, हौस माझी, आकडा माझा. आणि "चुकलं का" हे ती विचारत होती.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला. "घ्या! ज्यांनी सांगितला त्येंचीच गाडी आडकली. मी बोललोच हुतो आत्येला. अरं, पहार आना कुनीतरी. फोडून टाकू, मॅडमना जाऊ द्या."

दोघं-तिघं "व्हय व्हय" म्हणाले. त्यांना खरंच माझी काळजी होती. एकजण पहार आणायला निघालासुद्धा. ती बाई ब्रेकरवर, माझ्या बंपरला लागून, उभी राहिली.

"फोडायचा न्हाई. मॅडमनीच सांगितलाय."

"मग मॅडमनाच इचारू की!" ट्रॅक्टरवाला म्हणाला. "मॅडम, तुमीच सांगा. ठेवायचा का फोडायचा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मागच्या सीटवरून आजोबा कुजबुजले. कमी ऐकू येणाऱ्या माणसाची कुजबुज पार टपरीपर्यंत पोचते. "सांगून टाक त्यांना."

त्यांना म्हणायचं होतं, खरं सांगून टाक. लोकांना वाटलं, साहेब हुकूम द्यायला सांगतायत.

खरं सांगायला मी तोंड उघडलंही होतं. पण मी कुणी नाही असं म्हटलं, की सहा इंचही कुणाचे नव्हते. ते सिमेंट त्या जागी टिकलं होतं माझ्या पांढऱ्या साडीवर आणि आजोबांच्या हॅटवर. मी खरं बोलून मोकळी झाले असते आणि माझ्यामागे पहार चालली असती. आणि उद्या सकाळी ती नातीचा हात धरून तिथेच उभी राहिली असती, चार इंचांसमोर.

मी म्हणाले, "सहा बरोबर आहे. ब्रेकर कुणी फोडायचा नाही. माझी गाडी चुकीची आहे."

"ऐका!" ती बाई म्हणाली.

"मानलं बुवा," टपरीवाला म्हणाला. "सरकारी मानूस असून सोताची चूक मानली."

हे ऐकून मला वाटलं, रस्त्यानं दुभंगावं आणि गाडीसकट मला घ्यावं. पण रस्ता, म्हटलं ना, चांगला आहे.

आजोबांना उतरवलं. सहा-सात जणांनी गाडीला हात लावले, ट्रॅक्टरवाल्यानं खांदा दिला. "एवढीशी तर हाय!" तो म्हणाला. "सरकार मॅडमना जीप का देत न्हाई?" हसत, "हुश्श" करत त्यांनी ती उचलून पलीकडे ठेवली. मी आभार मानले. ती बाई म्हणाली, "आमच्यासाठी किती ताप झाला तुमाला."

त्याच आठवड्यात मी नगरला जाऊन मूळच्या स्प्रिंगा परत घालून घेतल्या. बाळीवाला पोरगा फार हळहळला. "इतकी मस्त दिसत होती काकू," म्हणाला. आणि तुम्हाला मी सांगितलं, रस्ते वाईट आहेत.

आता गाडी परत चवड्यांवर उभी असते. त्या ब्रेकरवरून मी ती तिरकी घालते, एकेक चाक चढवत, आणि रोज दोनदा तिथून जाते. लोक हात करतात. टपरीवाला म्हणतो, "मॅडम, शाळंपुढं लाईटचं बघा की." मी मान डोलावते. दुसऱ्यांदा मान डोलावताना पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटते, आणि तिसऱ्यांदा त्याहून जास्त. सवय होईल असं वाटलं होतं.

परवा ती बाई ब्रेकरवरच हात करून उभी होती. डोळे तपासायला श्रीरामपूरला जायचं होतं, एसटी चुकली होती. मी दार उघडलं. ती पुढे बसली, पिशवी मांडीवर, पाय जुळवलेले. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"एक बोलू का?" ती म्हणाली. "तुमी हापिसातल्या न्हाईत."

मी विचारलं, "कधी कळलं?"

"त्याच दिशी. सायबांच्या हातात पडद्याचा दांडा हुता. दोन कड्या बी तशाच हुत्या त्येला."

कड्या मीच काढायला विसरले होते. मी, जी सगळ्यांचे काठ बघते.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करू? मी इतकं वरडले तवा कोन ऐकलं? तुमी सहा म्हनलात, ऐकलं." ती क्षणभर हसली. मग माझ्याकडे वळली. "पन मग मोजत काय हुता?"

आता इथे ट्रॅक्टरवाला नव्हता, पहार नव्हती. गप्प बसायला मला एकही कारण उरलं नव्हतं.

"गाडी खाली करायची होती," मी म्हणाले. "स्प्रिंगा बदलून. किती खाली गेलेली चालेल ते बघत होते."

"खाली? बसाया-उठाया बरं पडतं व्हय?"

"नाही. उलट उठताना त्रास होतो."

"मग जोरात पळती?"

"नाही."

"पेट्रोल कमी लागतं?"

"नाही."

"मग?"

"दिसायला," मी म्हणाले.

"दिसायला," ती म्हणाली. तिनं मला टोमणा मारला नाही. तो शब्द तिनं नुसता परत म्हटला, आजोबा आकडे परत म्हणतात तसा, नीट ऐकू आलाय ना याची खात्री करायला. मग उजवा हात, ज्यानं तिनं नातीला ओढून घेतलं होतं तो, पिशवीवर ठेवून ती पुन्हा बाहेर बघायला लागली. रेल्वेचं फाटक आलं. ते बंद होतं. आम्ही दोघी थांबलो.

"दिसत हुती का मग चांगली?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "फार छान दिसत होती."

तिनं मान हलवली. फाटक उघडल्यावर रस्ता मोकळा होता, एकही ब्रेकर नव्हता, तरी मी दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही.